ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर

विद्या कशी मिळवावी हे आपल्याला शाळेत शिकविले जाते. परंतु मिळविलेली विद्या दुसऱ्याच्या हाती सहज लागेल अशा रीतीने मांडून कशी ठेवावी, ही गोष्ट सहसा कोणी शिकवीत नाही. वास्तविक तीही एक मोठी विद्याच आहे. आमच्या कोरगावातील पुष्कळ मंडळी शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जातात. त्या बाजारात जिनसांना गणती नाही. तरी केळी कोठे, मातीची भांडी कोठे, सुकी मासळी कोठे हे ठाऊक असल्यामुळे गिऱ्हाईक सरळ त्या त्या ओळीकडे वळते आणि हवी ती वस्तू घेऊन वेळेवर घरी परतते. तोच सगळा माल एका जागी ढीग करून ओतला तर काय होईल? माल तेवढाच राहील, पण बाजार राहणार नाही. ज्ञानाचेही असेच आहे. मराठी भाषेत आधुनिक पद्धतीने ज्ञानाचा असा बाजार ज्यांनी प्रथम भरविला, प्रत्येक जिन्नस आपापल्या ओळीत ठेवून ज्यांनी तो सामान्य माणसाला खुला केला, त्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे चरित्र आम्ही या अंकात आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

श्रीधरपंतांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. हे गाव आज छत्तीसगड राज्याची राजधानी आहे. त्या काळी तो भाग मध्यप्रांतात मोडत असे. त्यांचे शालेय शिक्षण वऱ्हाडात अमरावतीस झाले आणि पुढील शिक्षणासाठी ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात दाखल झाले. परीक्षेपुरते वाचावे आणि नोकरीपुरते शिकावे हा त्यांचा पिंडच नव्हता. समाज कसा बनतो, जाती कशा निर्माण होतात, राष्ट्रे कशाने चढतात व कशाने पडतात, असे मोठमोठे प्रश्न त्यांच्या मनात लहानपणापासून घोळत असत. या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी १९०६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते अमेरिकेस गेले. त्या काळी आपल्याकडील विद्यार्थी परदेशी निघाला तर बहुधा इंग्लंडला जाई, आणि तोही बॅरिस्टर किंवा सनदी अधिकारी होऊन येण्यासाठी. समाजशास्त्रासारख्या विषयाकरिता अमेरिकेची वाट धरणारा हा तरुण तेव्हाच्या मानाने वेगळाच म्हटला पाहिजे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी अध्ययन केले. हिंदुस्थानातील जातिसंस्थेचा इतिहास हा त्यांनी आपल्या संशोधनाचा विषय निवडला. मनुस्मृतीचा काळजीपूर्वक अभ्यास करून त्या काळच्या समाजस्थितीविषयी कोणते पुरावे हाती लागतात, याची त्यांनी छाननी केली. हा ग्रंथ १९०९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि १९११ साली त्यांना पीएच.डी. ही पदवी मिळाली. या ग्रंथाची योग्यता केवढी होती, हे एका गोष्टीवरून कळून येईल. पुढे १९१६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्कमध्ये जातिसंस्थेवर आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला. त्यात पूर्वसूरींच्या ज्या मोजक्या व्याख्या त्यांनी विचारात घेतल्या, त्यांत केतकरांची व्याख्या होती.

अमेरिकेहून परतताना केतकर काही काळ लंडनला राहिले. हिंदुत्वाच्या स्वरूपाविषयी त्यांचा दुसरा इंग्रजी ग्रंथ १९११ साली तेथेच प्रसिद्ध झाला. १९१२ साली ते स्वदेशी आले व काही काळ त्यांनी कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. त्यांच्यासारख्या विद्वानाला इंग्रजीतून ग्रंथ लिहीत राहून, प्राध्यापकाच्या पगारावर सुखाने आयुष्य कंठणे अवघड नव्हते. परंतु त्यांच्या मनाने वेगळाच ध्यास घेतला होता, आणि त्या ध्यासापायी त्यांनी ती सुखाची वाट सोडून दिली.

हा ध्यास समजण्यासाठी त्या काळची मराठी वाचकाची स्थिती डोळ्यांपुढे आणली पाहिजे. इंग्रजी जाणणाऱ्या माणसाला एखाद्या विषयाची माहिती हवी असली तर त्याला ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ हा प्रचंड कोश उपलब्ध होता. त्याची अकरावी आवृत्ती १९१० व १९११ या दोन वर्षांत निघाली होती. तिचे २९ खंड होते आणि त्यांतील शेवटचा खंड केवळ सूचीसाठी राखून ठेवलेला होता. मराठीत मात्र असे काही नव्हते. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ साली व त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली निघाली होती. पण तो शब्दांचा कोश, विषयांचा नव्हे. रघुनाथ भास्कर गोडबोले यांच्यासारख्या उद्योगी गृहस्थांनी प्राचीन व अर्वाचीन व्यक्तींचे आणि स्थळांचे कोश रचले होते, तेही मोलाचेच. परंतु इतिहासापासून रसायनापर्यंत आणि वेदांपासून विजेपर्यंत साऱ्या मानवी ज्ञानाची चावी ज्यात सापडावी, असा ग्रंथ मराठीत नव्हता.

आमच्या गोव्याकडे पाहिले तर ही उणीव अधिकच जाणवण्याजोगी होती. राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर येथील हिंदू समाजाला थोडी मोकळीक मिळाली. त्यानंतर गावोगाव मराठी शाळा व वाचनालये उभी राहू लागली. त्यांना पुस्तके मिळत ती बहुधा मुंबईपुण्याकडून. पेडणे महालातील एखाद्या चौकस मुलाला तारायंत्र कसे चालते किंवा जपान देश कोठे आहे हे जाणून घ्यावेसे वाटले, आणि त्याला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नसली, तर त्याने जावे कोणाकडे? त्याची जिज्ञासा त्याच्या मनातच विरून जाई. ज्याला परकी भाषा येते त्यालाच ज्ञानाचा अधिकार, आणि ज्याला केवळ मायबोली येते त्याने अज्ञानात राहावे, ही स्थिती केतकरांना असह्य झाली. जी भाषा आपल्या लोकांना जगातले ज्ञान देऊ शकत नाही ती भाषा हळूहळू घरापुरती उरते, आणि तिच्याबरोबर तिचे लोकही मागे पडतात, हे त्यांनी ओळखले होते. शेजारी आंध्र देशातही त्याच सुमारास कोमर्राजू लक्ष्मणराव हे तेलुगू भाषेसाठी अशाच कामाला लागले होते. मराठीसाठी ते आपण करावे, असा निश्चय केतकरांनी केला.

निश्चय झाला, पण पैसा कोठून आणावा? राजाश्रय नाही, सरकारी मदत नाही, घरची श्रीमंती नाही. तेव्हा केतकरांनी एक अभिनव मार्ग काढला. गिरणी किंवा आगबोटीच्या धंद्यासाठी जशी मर्यादित जबाबदारीची कंपनी काढतात, तशी त्यांनी ज्ञानकोशासाठी काढली. १९१६ साली नागपुरास ज्ञानकोश मंडळ स्थापन झाले. लोकांनी भाग विकत घ्यावेत, वर्गणीदारांनी आगाऊ पैसे भरावेत आणि त्या भांडवलावर कोश तयार व्हावा, अशी ही योजना होती. ग्रंथरचनेसारख्या कामाला व्यापाराची घडी घालून देणे हे त्या काळच्या पुष्कळांना विचित्र वाटले. विद्वानांना त्यात व्यापार दिसला आणि व्यापाऱ्यांना त्यात नुसती विद्वत्ता दिसली! केतकरांनी दोन्हींकडे दुर्लक्ष केले. त्यांनी गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले, लेखक व साहाय्यक जमविले, आणि पुढे मंडळाचा कारभार पुण्यास हलवून तेथे छपाईची व्यवस्था केली. जो मनुष्य सकाळी वेदकालाविषयी लिही, त्यालाच दुपारी कागदाच्या बिलाची चिंता वाहावी लागे. बारा वर्षांचा त्यांचा हा संसार होता. त्याची हकीकत त्यांनी पुढे ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात स्वतःच लिहून ठेविली आहे.

पैशाची अडचण मोठी होती खरी. पण ग्रंथकर्त्यापुढची खरी अडचण निराळीच होती. ती म्हणजे मांडणीची. जगातील सारे विषय एकत्र आणायचे तर ते कोणत्या क्रमाने ठेवावयाचे? विषयवार ठेवावे, म्हणजे सारा इतिहास एका बाजूला व सारे शास्त्र दुसऱ्या बाजूला ठेवावे, तर ज्याला तो विषय मुळातच ठाऊक नाही त्याला आपली गोष्ट कोणत्या शास्त्रात मोडते हे कळावे कसे? बरे, अकारविल्हे म्हणजे अक्षरांच्या क्रमाने ठेवावे, तर शोधणे सोपे होते. पण ज्ञानाचे तुकडे तुकडे होतात. अकबराच्या शेजारी अक्रोड येतो आणि कोणत्याही गोष्टीचा दुसरीशी संबंध उरत नाही. शोधण्याची सोय पाहावी तर समजण्याची गैरसोय होते, आणि समजण्याची सोय पाहावी तर शोधण्याची पंचाईत होते. कोशकाराची सारी बुद्धी या ठिकाणी पणाला लागते.

केतकरांनी या अडचणीतून जी वाट काढली, तिच्यात त्यांची थोरवी दिसून येते. त्यांनी आपल्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाला एकच दार ठेवले नाही. वाचणाऱ्यासाठी एक, शोधणाऱ्यासाठी दुसरे आणि वाट चुकलेल्यासाठी तिसरे, अशी तीन दारे त्यांनी ठेवली.

पहिले दार म्हणजे प्रस्तावनाखंड. कोशाचे पहिले पाच खंड अकारविल्हे नाहीत. ते सलग वाचावयाचे ग्रंथ आहेत. त्यांची नावे अशी : ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ आणि ‘विज्ञानेतिहास’. ही नुसती नावे ओळीने वाचली तरी त्यांतील योजना ध्यानात येते. प्रथम आपला देश व जग यांचा परस्परसंबंध, मग आपल्या विद्येचा उगम, त्यानंतर जगाच्या इतिहासाचे दोन मोठे टप्पे आणि शेवटी शास्त्रांची वाढ. एखाद्या परक्या शहरात पाहुणा आला असता आपण त्याला आधी टेकडीवर नेऊन सारे शहर दाखवितो आणि मग गल्लीबोळांत फिरवितो, तसे हे झाले. ज्याने हे खंड वाचले, त्याला पुढील हजारो नोंदींपैकी कोणतीही नोंद कोठे बसते याचा अंदाज येतो. कोश म्हटला की त्यात तुटक माहितीच असावयाची, ही समजूत केतकरांनी अशा रीतीने दूर केली.

दुसरे दार म्हणजे अकारविल्हे खंड. सहाव्या खंडापासून कोशाचे मुख्य शरीर सुरू होते. ज्याला एकच गोष्ट हवी आहे, त्याने अक्षर पाहावे, नोंद काढावी आणि आपली गरज भागवून मोकळे व्हावे. हे काम दिसते तितके सोपे नाही. आमच्या विद्यार्थिमित्रांनी ते स्वतः करून पाहावे. समजा, तुम्हाला काजूच्या झाडाविषयी माहिती मांडून ठेवावयाची आहे. हे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आपल्याकडे आणले आणि आज आपल्या डोंगरउतारांवर ते जणू येथलेच होऊन राहिले आहे. मग ही माहिती कोठे ठेवाल? ‘काजू’ या शब्दाखाली, ‘फळझाडे’ या शब्दाखाली, ‘गोवे’ या शब्दाखाली की ‘ब्राझील’ या शब्दाखाली? चारही ठिकाणी तीच माहिती लिहिली तर ग्रंथ चौपट फुगेल. एकाच ठिकाणी लिहिली तर उरलेल्या तीन ठिकाणी शोधणारा मनुष्य हात हलवीत परत जाईल. यावर कोशकारांनी शोधून काढलेला उपाय असा की, माहिती एका जागी पूर्णपणे द्यावी आणि इतर जागी ‘अमुक नोंद पाहा’ असे सांगून बोट दाखवावे. वाटेवरच्या गावाच्या पाटीसारखी ही खूण असते. ती दिसायला क्षुल्लक असते. पण ती नसली तर प्रवासी चुकतो.

मराठी कोशकाराला तर आणखी किती तरी गोष्टी आधी ठरवून घ्याव्या लागतात. अनुस्वार असलेले अक्षर आधी घ्यावे की नंतर? ‘ज्ञ’ हे अक्षर ‘ज’मध्ये धरावे की वर्णमालेच्या शेवटी ठेवावे? परदेशी माणसाचे नाव मराठीत कसे लिहावे? एकाच राजाची दोन नावे असली तर नोंद कोणत्या नावाने करावी? हे नियम एकदा ठरवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाळावे लागतात. मधेच नियम बदलला तर वाचकाचा विश्वास उडतो, आणि कोशावरचा विश्वास उडाला की तो कोश कपाटातच राहतो.

तिसरे दार म्हणजे सूची. अकारविल्हे खंड पुरे झाल्यावर केतकरांनी सूचीचा स्वतंत्र खंड काढला. हे काम अत्यंत कष्टाचे, आणि त्याला लौकिक मुळीच नाही. सूचिकाराची कोणी स्तुती केल्याचे आमच्या ऐकिवात नाही! तरीही ज्या बारीकसारीक गोष्टीला स्वतंत्र नोंद मिळालेली नाही, जी दुसऱ्याच एखाद्या लेखाच्या पोटात दडून बसली आहे, ती बाहेर काढून वाचकाच्या हाती देण्याचे सामर्थ्य केवळ सूचीत असते. पैसा संपत आलेला, माणसे थकलेली, वर्गणीदार तगादा करीत असलेले. अशा वेळी दुसऱ्या एखाद्याने सूचीला फाटा दिला असता. केतकरांनी तो दिला नाही. ज्या विषयाला आपण शब्द खर्च केले तो विषय वाचकाला सापडलाच पाहिजे, ही त्यांची निष्ठा होती.

१९२० च्या सुमारास पहिला खंड बाहेर पडला आणि त्याच दशकात प्रस्तावनाखंड, अकारविल्हे खंड, सूची आणि हिंदुस्थानविषयीची पुरवणी मिळून २३ खंड पुरे झाले. आजच्यासारखी साधने नसताना, हाताने खिळे जुळवून छापावयाच्या काळात, एका मनुष्याच्या पुढाकाराने हे घडून आले. ‘ज्ञानकोशकार’ ही पदवी त्यांना कोणत्याही विद्यापीठाने दिली नाही. ती महाराष्ट्राने दिली, आणि त्यांच्या नावाला ती कायमची चिकटली.

या कष्टाच्या काळात त्यांना जी सोबत लाभली, तिचा उल्लेख केल्याखेरीज हे चरित्र पुरे होणार नाही. लंडनला असताना त्यांची ईडिथ कोहन या जर्मन ज्यू तरुणीशी ओळख झाली होती. पुढे महायुद्ध आले, देशादेशांच्या वाटा बंद झाल्या, आणि पुष्कळ वर्षांच्या ताटातुटीनंतर १९२० साली ती हिंदुस्थानात आली. तिने हिंदू धर्म स्वीकारला व त्यांचा विवाह झाला. तिचे नाव शीलवती ठेवण्यात आले. त्या काळच्या पुण्यात अशा विवाहाकडे लोक कोणत्या दृष्टीने पाहत असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. परंतु शीलवतीबाईंनी परकी भाषा, परके अन्न आणि परके रीतिरिवाज आपलेसे केले आणि पतीच्या ओढगस्तीच्या संसाराला धीराने खांदा दिला. त्या स्वतःही विदुषी होत्या. विंटरनिट्झ या पंडिताचा भारतीय वाङ्मयाचा जर्मन इतिहास त्यांनी इंग्रजीत भाषांतरित केला व तो कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केला. उतारवयात त्यांनी ‘मीच हे सांगितले पाहिजे’ या नावाने आपल्या आठवणी मराठीत लिहिल्या. एका जर्मन स्त्रीने मराठीत पुस्तक लिहावे, ही गोष्ट केतकरांच्या मराठीप्रेमाला मोठीच पावती म्हणावी लागेल.

केवळ ज्ञानकोश करून केतकर स्वस्थ बसले नाहीत. समाजाविषयीचे आपले विचार त्यांनी कादंबऱ्यांच्या द्वारे मांडले. ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘परागंदा’, ‘ब्राह्मणकन्या’ या त्यांतील काही प्रसिद्ध कादंबऱ्या होत. परदेशी गेलेले मराठी लोक, जातीबाहेरचे विवाह, समाजाने दूर लोटलेली माणसे असे विषय त्यांनी निर्भयपणे हाताळले. ‘विद्यासेवक’ नावाचे मासिक त्यांनी चालविले. १९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. १९३५ साली ‘प्राचीन महाराष्ट्र’ या त्यांच्या इतिहासग्रंथाचे शातवाहन पर्व प्रसिद्ध झाले.

परंतु मान मिळाला तरी धन मिळाले नाही. ज्या माणसाने मराठी वाचकाच्या घरी जगाचे ज्ञान नेऊन पोहोचविले, त्याच्या स्वतःच्या घरी शेवटच्या वर्षांत ददात होती. त्यांतच मधुमेहाने त्यांना ग्रासले. १० एप्रिल १९३७ रोजी पुणे येथे, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. प्राध्यापकीची नोकरी धरून राहिले असते तर कदाचित त्यांना दीर्घायुष्य व स्वास्थ्य लाभले असते. पण मग महाराष्ट्राला ज्ञानकोश लाभला नसता. समाजाने आपल्या अशा सेवकांची वेळीच कदर केली पाहिजे, हा बोध त्यांच्या अखेरीवरून घेण्यासारखा आहे.

चरित्र लिहिताना केवळ स्तुती करणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्ञानकोशात उणिवा नव्हत्या असे नाही. अल्प साधनांनी व थोड्या माणसांनी केलेल्या एवढ्या मोठ्या ग्रंथात काही नोंदी त्रोटक राहिल्या, काहींचा विस्तार अधिक झाला. जाती व समाज यांविषयी केतकरांची मते ठाम असत आणि ती सर्वांना पटत असत असेही नाही. शास्त्रविषयक माहिती तर काळाच्या ओघात जुनी झालीच. कोणत्याही कोशाचे भाग्य असेच असते. तो छापून होतो त्याच दिवसापासून जुना होऊ लागतो. परंतु माहिती जुनी झाली तरी मार्ग जुना होत नाही. कोश कसा करावा, हे केतकरांनी मराठी माणसाला करून दाखविले.

या मार्गाने पुढे किती जण गेले पाहा. ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे या जोडीने सात खंडांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि सहा खंडांचा ‘सुलभ विश्वकोश’ मराठीला दिला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ पासून त्याचे खंड निघू लागले. आपल्या गोव्यातही याच जातीचे एक थोर काम झाले आहे. सत्तरी महालातील पिसुर्ले गावचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पणजीच्या दफ्तरखान्यात शेकडो वर्षांचे पोर्तुगीज कागद लावले आणि कोणता कागद कोठे सापडेल हे सांगणारी मार्गदर्शिका १९५५ साली पोर्तुगीजमध्ये प्रसिद्ध केली. त्या कागदांत मराठ्यांच्या इतिहासाचेही केवढे तरी धन होते. ते शोधणाऱ्या अभ्यासकांना ही मार्गदर्शिका दिव्यासारखी उपयोगी पडली.

आणि आता तर केतकरांचा ज्ञानकोश कपाटातून निघून संगणकावर येऊन पोहोचला आहे. मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने तो इंटरनेटवर सर्वांना खुला करून दिला आहे. मराठी विश्वकोशही तेथे विनामूल्य वाचावयास मिळतो. एके काळी जो ग्रंथ घेण्यासाठी आगाऊ वर्गणी भरावी लागे, तो आज कोरगावच्या एखाद्या घराच्या सोप्यावर बसून, हातातल्या फोनवर उघडता येतो. पेडणे महालातील त्या चौकस मुलाला आता विचारावयास जागा मिळाली आहे.

यावर आमचे काही विद्यार्थिमित्र म्हणतील की, आता शब्द टाकला की यंत्र क्षणात शोधून देते. मग मांडणीची एवढी चिंता हवी कशाला? याचे उत्तर असे की, यंत्राला शब्द शोधता येतो; परंतु त्या शब्दाखाली कोणी नीट लिहून ठेवलेच नसेल तर ते बिचारे काय देणार? शोधणाऱ्यापुढे एका क्षणात हजार कागद येऊन पडले, आणि त्यांतील एकाचेही शीर्षक आत काय आहे हे सांगत नसले, तर तो पुन्हा त्या ढीग केलेल्या बाजारातच उभा राहिला म्हणावयाचा. साधने बदलली तरी कोशकाराचे नियम बदललेले नाहीत. शीर्षक असे द्यावे की त्यावरून आतला मजकूर कळावा. एका ठिकाणी एकच विषय घ्यावा. वाचकाला जे प्रथम हवे ते प्रथम सांगावे आणि तपशील मागाहून द्यावा. एका नावाने आरंभ केला तर तेच नाव शेवटपर्यंत ठेवावे. आणि जेथे आपले सांगणे संपते तेथे पुढची वाट दाखवावी. शाळेच्या भिंतीवरील फलक असो, विज्ञानाची वही असो, ग्रामपंचायतीची नोटीस असो की उद्या तुमच्यापैकी कोणी तयार करील ते संकेतस्थळ असो, हे नियम सर्वत्र सारखेच लागू पडतात.

या नियमांच्या मुळाशी पाहिले तर तेथे हुशारीपेक्षा माणुसकीच अधिक आढळते. आपण लिहितो ते आपली विद्वत्ता दाखविण्यासाठी की दुसऱ्याची अडचण दूर करण्यासाठी, एवढाच तो प्रश्न आहे. केतकर अमेरिकेची पदवी घेऊन आले होते, इंग्रजीत ग्रंथ लिहून नावाजले होते; तरी त्यांनी आपल्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे ज्याला इंग्रजी येत नव्हते अशा अनोळखी मराठी वाचकासाठी खर्च केली. तो वाचक त्यांना कधी भेटणार नव्हता, त्यांचे आभारही मानणार नव्हता. त्याला हवी ती गोष्ट हव्या त्या पानावर मिळावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात एखादा कोश काढून तुम्ही त्याचे पान उलटाल, आणि हवा असलेला शब्द चटकन डोळ्यांपुढे येईल, तेव्हा त्या पानामागे राबलेल्या अशा माणसांचे क्षणभर स्मरण करा. आणि आपणही जे लिहू ते दुसऱ्याला सहज सापडेल, सहज समजेल, असे लिहिण्याचा निश्चय करा. डॉ. केतकरांच्या स्मृतीस याहून उचित अशी आदरांजली आम्हांस तरी सुचत नाही.